पाठीवर साहेबाचं नाव

आसगावात गोल्फ बघणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या मानगुटीवर बसलेला होता.

मी तेव्हा गावात केबल चालवायचो. लोकांच्या मागण्या ठरलेल्या असायच्या. बायांना मालिका, म्हाताऱ्यांना कीर्तन, पोट्ट्यांना क्रिकेट. तेवढं दिलं की सगळे खूश. पण धान घरात यायची वेळ झाली की शेजारचे डोमाजी काका माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहायचे. वर चढायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. मी मान वर करेपर्यंत नुसते उभे.

"विलास, गोल्फ कोनत्या नंबरावर येऊन रायलं यंदा?"

"काका, तो चॅनेल आपल्याकडे नाही."

"मंग टाक ना गा."

"एका माणसासाठी?"

"एका मानसासाठी कायले? मी पायतो, तू पायशीन. दोन झाले."

आता या माणसाशी काय डोकं लावायचं! मी चिडायचो, पुटपुटायचो, आणि चॅनेल टाकायचो. मग काका दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून टीव्हीतलं ते हिरवंगार गवत बघत राहायचे. आवाज बंद करायला लावायचे. "खेळाडू फटका मारून रायला, अन् तू बटनं वाजवतं?" असं मलाच दटावायचे, माझ्याच दुकानात.

त्यांना दरवर्षी बघायची असायची ती एकच स्पर्धा, हंगामातली शेवटची. धंदेवाईक खेळाडू वर्षभर या गावाहून त्या गावाला खेळत फिरतात, आणि त्यातले वरचे तेवढे वर्षाच्या शेवटी एका मोठ्या स्पर्धेला जमतात. तिथं जो जिंकला त्याचं ते वर्ष, बाकीच्यांनी घरी जावं. काकांनी मला हे इतक्या वेळा समजावून सांगितलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन.

तरुणपणी काका एका ठेकेदाराबरोबर दिल्लीकडे मजुरीला गेले होते. एका गोल्फ क्लबाची कंपाउंडची भिंत बांधायचं काम होतं. भिंत बांधून झाली, ठेकेदार माणसं घेऊन परत आला, आणि काका भिंतीच्या आतच राहिले. तिथं ते कॅडी झाले. कॅडी म्हणजे खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चालणारा माणूस. तोच गवत उडवून हवा बघतो, बॉल पुसतो, फटक्यानं उखडलेली माती पायानं दाबतो, कोणती स्टिक घ्यायची ते सुचवतो, आणि फटका बिघडला की शिव्याही तोच खातो. अख्खी उमर काकांनी हे केलं. केस पिकल्यावर आसगावला परत आले ते ही सगळी सवय अंगाला चिकटवून.

उंच, सडसडीत माणूस. बॅग वाहून वाहून उजवा खांदा खाली उतरलेला, त्यामुळे सदरा कायम एका बाजूला घसरायचा. उभे राहिले की एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीला टेकवायचे, धानाच्या बांधीतल्या बगळ्यासारखे, आणि तसे कितीही वेळ उभे राहू शकायचे. रस्त्यानं तुमच्यासोबत निघाले तरी बरोबरीनं कधी चालायचे नाहीत. जरा मागं आणि एका अंगाला. आपण बोलता बोलता मान वळवावी तर काका बाजूला नसायचेच. पहिल्या पहिल्यांदा लोकांना राग यायचा, मग सवय झाली. चालताना बैलांच्या खुरांनी उपटलेलं ढेकूळ दिसलं की ते पायानं जागच्या जागी दाबून पुढे जायचे. खांद्यावर एक पंचा, अर्धा ओला आणि अर्धा कोरडा. तो घेऊन हाताला लागेल ती वस्तू पुसायचे. माझा रिमोट त्यांनी इतका पुसला की त्यावरचे आकडे गेले.

काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी चिमूटभर गवत उपटून हवेत सोडायचे. एकदा ग्रामसभेत नळाच्या पाण्यावरून हातघाईची वेळ आली होती. काका उठले, खाली वाकून गवत उपटलं, सोडलं, ते कुठं जातं बघितलं आणि परत खाली बसले.

"काय झालं काका? बोला ना!" मी म्हणालो.

"नोको गा. हवा तोंडावर हाय."

गावानं त्यांना गप्पाड्या ठरवलं होतं, आणि त्यात गावाची सगळी चूक नव्हती. काका फेकायचेसुद्धा. तिकडे गवत कैचीनं कापतात म्हणायचे. एका साहेबाचा बॉल मोरानं गिळला आणि मोराला धरून बसावं लागलं म्हणायचे. माझ्या दुकानाला लागून राजूचा पानठेला. हा राजू म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. काका आले की तो चुना लावता लावता मुद्दाम विचारायचा, "मंग काकाजी, यंदा मोर का हत्ती?"

पण खरा घोळ झाला तो जिंकणाऱ्यांच्या नावांवरून. त्या शेवटच्या स्पर्धेचे आजवरचे विजेते काकांना तोंडपाठ होते, आणि कोणी विचारो न विचारो, ते म्हणून दाखवायचे.

"पयले आपला रामनिवास जिंकला. मंग गुड्डू. मंग लागून लागून मुन्ना बिहारी. त्याच्यावर कोनी हातच ठेवू शकत नव्हता. अन् मंग आमी."

एके दिवशी राजूनं मोबाईल काढला आणि त्या स्पर्धेच्या विजेत्यांची नावं शोधली. एकेक नाव मोठ्यानं वाचलं. त्यात रामनिवास नव्हता, गुड्डू नव्हता आणि मुन्ना बिहारी तर औषधालाही नव्हता.

"काकाजी, हे काय होय? यात तुमचं एकबी मानूस नाही!"

काका असे लाल झाले की मी घाबरलो. "कसा नाही? मुन्नानं बॅग उचलली नव्हती काय? चारी दिवस तापात उचलली! मी सोता पायलो ना!"

"अन् खेळलं कोन?"

"खेळलं असन कोनीतरी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांच्या हिशेबी ज्यानं बॅग वाहिली तो जिंकला. कॅडी लोक आपसात असंच बोलायचे म्हणे. साहेबांची नावं कपावर कोरलेली असतात, ती कपानं लक्षात ठेवावीत. बॅगवाल्यांची नावं बॅगवाल्यांनी नाही ठेवायची तर कोणी ठेवायची? मला ते पटलं. राजूला नाही पटलं. तो आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की डोमाजी बुढ्याचं खोटं मोबाईलनं पकडलं.

आणि मग झेंड्याचं प्रकरण. ते आठवलं की मला आजही हसू आवरत नाही.

आमच्या पवनी तालुक्यात शेतात नंबर लिहिलेला झेंडा दिसला की माणसाला जमीन गेलीच असं वाटतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेली गावं आम्ही पाहिली आहेत. उठून आलेले सोयरे-धायरे आमच्याच घरात राहून गेले आहेत. धरण झालं, मग नहर आली, मग नहरीच्या शाखा. मोजणीवाले येतात, झेंडे रोवतात आणि जातात. मग महिनोन् महिने कोणाला झोप नाही.

एका सकाळी काकांच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उंच बांबूला पिवळा झेंडा फडकत होता. त्यावर काळ्या अक्षरात अठरा.

दुपारपर्यंत अर्धं गाव त्या धुऱ्यावर. राजू ठेला बंद करून आला, कारण त्याची अर्धी बांधी तिकडेच. "अठरा नंबर म्हंजे बाकीचे सतरा कुठी लागले?" या प्रश्नावर माणसं चारी दिशांना धावली. शेजारच्या वावरवाल्यानं तर डोक्याला हात लावून बसकणच मारली. कोणी म्हणे तलाठ्याला फोन करा, कोणी म्हणे झेंडा उपटून नदीत फेका. मीही गेलो होतो.

तेवढ्यात काका आरामात चालत आले. गर्दी बघून खूशच झाले. त्यांना वाटलं लोक झेंडा बघायला आले.

"गोल्फात बॉल पाडाचे अठरा होल असते. हा शेवटच्या होलाचा झेंडा होय," ते म्हणाले. "जो जिंकला, त्याच्या कॅडीनं हा घरी न्यावाचा असते. तसा रिवाज हाय. आमी जिंकलो त्या साली मी आनला. आता माझा खेळ इथी संपला, म्हून शेवटचा झेंडा इथी लावला."

लोकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसऱ्या क्षणाला सगळे काकांच्या अंगावर धावले. "अबे बुढ्या, गावाचा जीव घेतं काय?" राजूनं झेंड्याचं टोक हातात धरून हुंगलं. "अन् याले तेल कायचं लागलं?"

"लोनच्याचं," काका हळूच म्हणाले.

कारण तो झेंडा इतकी वर्षं भागरथाकाकीच्या लोणच्याच्या बरणीवर बांधलेला होता. काकांनी तो स्पर्धेनंतर घरी आणला तेव्हा फक्त "जपून ठेव" म्हटलं होतं. काकीनं विचारलं, "कोन्या पार्टीचा होय?" काका रुसले आणि काही बोललेच नाहीत. काकीनं जपून ठेवला, म्हणजे बरणीवर बांधला. आता त्या धुऱ्यावर गर्दीतून काकी पुढे आली, बांबू वाकवून तिनं झेंडा सोडवला आणि कमरेला खोचला. "लोनच्यालेच बरा होता," एवढं म्हणून ती चालू लागली. काका तिच्या मागे.

भागरथाकाकीबद्दल सांगितल्याशिवाय काका समजणार नाहीत. ठेंगणी, ठसठशीत बाई. काकांच्या अख्ख्या उमरीत हिनं वावर एकटीनं केलं. रोवणा लावला, निंदण केलं, धान कापलं, चुरून मळलं, पोरीचं लग्न केलं. काका वर्षातून एकदा-दोनदा यायचे, पैसे द्यायचे आणि जायचे. पण धान निघायच्या दिवसांत हटकून नसायचे, कारण तिकडे तीच ती हंगामाची शेवटची स्पर्धा. आमच्याकडे धानाचा हंगाम संपायला आणि तिकडे गोल्फचा हंगाम संपायला एकच गाठ. काकी माझ्या आईजवळ म्हणायची, "सारं गाव आपल्या मानसासंग धान चुरते. माझा मानूस लोकायच्या थैल्या उचलाले जाते."

काकी भांडखोर नव्हती. पण एकदा अवकाळी पाऊस आला. कापून पसरलेल्या धानाच्या कडपा बांधीत भिजत होत्या, आणि काकी आणि तिची जाऊ, दोघी बाया, त्या ओल्या कडपा डोक्यावरून घरी आणत होत्या. गाव आपापल्या कडपा वाचवत होतं, कोण कोणाला बघणार? निम्मं धान काळं पडलं. त्या वर्षाबद्दल काकी कधी बोलायची नाही. आणि काका जिंकले ते त्याच वर्षी.

मला काका आवडायला लागले ते माझ्याच वाईट दिवसांत. घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या आणि माझी केबल बसली. तारा गुंडाळून दुकानात टाकल्या आणि मी डोकं धरून बसायचो. समजूत घालणाऱ्यांची रांग लागली होती. एकेकाला हाकलून द्यावंसं वाटायचं. काका रोज यायचे, तांब्याभर पाणी माझ्यासमोर ठेवायचे आणि बाजूला एका पायावर उभे. शब्द नाही. मी एकदा खेकसलो, "काका, बोला तरी काही!"

"साहेबाचा फटका बिघडला का कॅडीनं बोलाचं नसते. पानी द्याचं." मग माझा चेहरा जरा निवळलेला बघून त्यांनी पंच्यानं माझं टेबल पुसलं. "चाल आता. पुढचा होल."

मी मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्तीचं दुकान काढलं, त्याला सुरुवात त्या दोन शब्दांनी झाली. माझ्या सख्ख्या भावानं मला इतका धीर दिला नव्हता.

दुकानात मी एक टीव्ही आणि छत्री ठेवली होती, आता फक्त काकांसाठीच म्हणा ना. एका वर्षी ती स्पर्धा सुरू व्हायच्या आधी काका ओरडतच दुकानाबाहेर माझ्याकडे आले. एरवी आवाज न करणारा माणूस! "दाखवून रायले! विलास, दाखवून रायले आमाले!"

झालं होतं असं की स्पर्धेच्या जाहिरातीत चॅनेलवाले जुन्या विजेत्यांचे तुकडे दाखवत होते. एकाचा शेवटचा फटका, दुसऱ्याचा कप उचललेला, असं. त्यात काकांच्या साहेबाचाही तुकडा होता. दर थोड्या वेळानं ती जाहिरात फिरून लागत होती.

"मस्त! गावाला बोलावू. राजूचं तोंड बंद करू," मी म्हणालो.

काकांनी पायरीजवळचं गवत उपटलं, सोडलं, बघितलं. "राजूले बलाव, का नोको बलावू. गावानं मले काय म्हनाचं ते म्हनो. भागरथाले दाखवाचं हाय. तिले वाटते मी उभा जलम हमाली केली. एक डाव तिनं पायलं पायजे." त्यांचा आवाज चिरकला. "मी काही गंमत कराले नव्हतो गेलो गा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान भरलं. राजू ठेला सोडून पुढे येऊन बसला. काकीला मी स्वतः जाऊन आणलं. ती आत यायला तयार नव्हती. पदर तोंडाला लावून दारातच उभी राहिली. काका भिंतीला टेकून, पाय पोटरीला, पंचा हातात पिळत.

जाहिरात लागली. एक विजेता गेला, दुसरा गेला. "आता," काका कुजबुजले.

हिरवं गवत. टोपी घातलेला साहेब वाकलेला. बॉल हळूहळू घरंगळत होलाकडे गेला आणि आत पडला. साहेबानं दोन्ही हात वर केले. त्याच्या पलीकडे, कॅमेऱ्याकडे पाठ करून एक उंच माणूस पिवळ्या झेंड्याची काठी धरून उभा होता. अंगावर पांढरं जाकीट, पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव. तो वळेल वळेल असं वाटलं, आणि तुकडा संपला. पुढचा विजेता आला.

"कुठी हाय डोमाजी काका?" राजू म्हणाला. "ते त पाठ होय. अन् पाठीवर नाव बी साहेबाचंच."

"तसंच असते," काका म्हणाले. "कॅडीच्या पाठीवर साहेबाचंच नाव असते."

"मंग तो कोनीबी असन ना! मी बी असन!"

दुकान हसलं. सगळे हसले, हो. काकांनी पाय खाली टेकवला. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही, पंच्यानं टीव्हीची काच पुसायला लागले. राजूला एक ठेवून द्यावी असं मनात आलं आणि हात खरंच उठला होता.

तेवढ्यात दारातून काकीचा आवाज आला. "तेच होय."

सगळे वळले.

"तेच होय ते," काकीनं पदर तोंडावरून काढला होता. "खांदा नाही दिसला काय रे राजू तुले? पाय नाही दिसला? तोंड पायलं असतं त एखादं वक्त मी चुकली असती. यायची पाठ मले ओळखू येत नाही? जलमभर पाठच त पायली म्या यायची. एस्टीत चढताना."

काकांचा हात टीव्हीच्या काचेवर तसाच राहिला होता.

"कोनतं साल होय हे?" काकीनं विचारलं.

काकांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "कडपा भिजल्या होत्या, ते."

काकी टीव्हीकडे बघत राहिली. जाहिरात फिरून यायला वेळ होता, कुठल्याशा सिमेंटची आली होती. तरी ती बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

"मी इकडं कडपा उचलून रायली होती," ती म्हणाली, "अन् तुमी तिकडं झेंडा." मग जरा थांबून, "बरे दिसत होते पन. चाला, भात थंडा होते."

ती निघाली. काका तिच्या मागे निघाले. राजू खाली मान घालून ठेल्यावर गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं काकांना मोराबद्दल विचारलं नाही. चार-सहा दिवसांनी मी त्यांच्या वावराकडून गेलो तर धुऱ्यावर पिवळा झेंडा. धुऊन लावलेला, तेलाचा डाग तेवढा राहिला होता. काकांना विचारलं तर म्हणाले, "म्या नाही लावला, बाप्पा."

काका त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले. मी तेव्हा भंडाऱ्याला होतो, मला निरोप उशिरा मिळाला, त्यांचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. पण मला तशी खंतही नाही, कारण माझ्याकडे दुसरं एक दर्शन आहे.

त्याआधीच्या उन्हाळ्याचे दिवस होते. दोघं पवनीच्या बाजारातून आली होती. एस्टी त्यांना फाट्यावर सोडून गेली आणि ती गावाकडे यायला लागली. मी दुकानात बसल्या बसल्या बघत होतो. काकी पुढे, मोकळ्या हातानं. काका मागे, जरा एका अंगाला, बाजाराची भरलेली थैली त्या उतरलेल्या खांद्यावर.

मध्येच काकी थांबली. काका बरोबरीला यावेत म्हणून. पण ती थांबली तसे काकाही थांबले, सवयीनं, जरा मागेच. ती परत चालली, तेही चालले. ती पुन्हा थांबली, तेही थांबले आणि पाय उचलून पोटरीला लावला. मला इकडे हसू फुटत होतं.

"या ना आता, संग चाला," काकी म्हणाली. तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"तू हो पुढं. मी बरा मागं."

काकी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती उलटी फिरली, त्यांच्यापर्यंत चालत गेली, त्यांच्या खांद्यावरून थैली खाली ओढली आणि एक बंद आपल्या हातात घेतला. दुसरा बंद काकांच्या हातात. मधे थैली, दोन बाजूंना दोघं. काकांना तसं चालता येत नव्हतं, त्यांची पावलं अडखळत होती. दुकानासमोरून जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा लाजले आणि काकीच्या बरोबरीनं पुढे गेले.